मुलगी समाजाबाहेर लग्न करते तेव्हा : एका बेने इस्रायल वडिलांना उत्तर

ठाण्यात राहणाऱ्या एका बेने इस्रायल (कोकणातून आलेल्या मराठी भाषिक ज्यू समाजातील) गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची अठ्ठावीस वर्षांची मुलगी बरोबर काम करणाऱ्या एका मराठी हिंदू मुलाशी लग्न करणार आहे. मुलाच्या घरून विरोध नाही. मात्र लग्न वैदिक पद्धतीने व्हावे, अशी त्यांची इच्छा आहे आणि त्यासाठी मुलीने 'फक्त कागदोपत्री' हिंदू व्हावे, असे कोणीतरी सुचवले आहे. मुलीची आई खचून गेली आहे, इस्रायलमधील अश्दोदला स्थायिक झालेला मोठा भाऊ बहिणीशी बोलायला तयार नाही. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, लग्न लागेल का, होणारी मुले ज्यू राहतील का, आणि सगळ्यांच्याच मुलामुलींनी असे केले तर आणखी तीस वर्षांनी सिनेगॉगचे दार उघडायला कोण उरेल, असे त्यांनी विचारले आहे.

मी बरीच वर्षे मुंबई, ठाणे आणि पुणे येथील आपल्या समाजाच्या कुटुंबांमध्ये विवाह-समुपदेशनाचे काम करते आहे आणि काही काळ एका सिनेगॉगच्या व्यवस्थापन समितीवरही होते. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. परधर्मीयाशी लग्न झाले म्हणून त्या दिवशी समाजातले माणूस कमी होत नाही. ते कमी होते लग्नानंतरच्या आठ-दहा वर्षांत, जेव्हा त्या जोडप्याला सणाचे बोलावणे जात नाही, त्यांच्या मुलांना हिब्रू अक्षरे शिकवण्याचा विषय कोणी काढत नाही आणि जवळचे नातलग अबोला धरून बसतात. म्हणून तुमच्या तिसऱ्या, सर्वांत मोठ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी तुमच्याच घरात आहे, असे मला वाटते. तिकडे वळण्यापूर्वी तातडीची गोष्ट सांगते, कारण तिच्यात झालेली चूक नंतर निस्तरता येत नाही.

कागदोपत्री धर्मांतर करू नका. हा सल्ला मी प्रत्येक कुटुंबाला, मुलगी असो वा मुलगा, अगदी निःसंदिग्ध शब्दांत देते. ज्या गोष्टीवर विश्वास नाही, ती स्वेच्छेने स्वीकारली असे प्रतिज्ञापत्र लिहून देणे हे दोन्ही धर्मांचा अनादर करणारे आहे, हा एक भाग झाला. दुसरा भाग व्यवहाराचा आहे. इस्रायलच्या १९५० च्या 'परतीच्या कायद्या'त १९७० साली जी दुरुस्ती झाली, तिने ज्यू व्यक्तीच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही स्थलांतराचा हक्क दिला. पण त्याच दुरुस्तीने जी व्यक्ती ज्यू होती आणि जिने स्वेच्छेने धर्म बदलला, तिला त्या हक्कातून वगळले. त्याआधी १९६२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, ज्यू आईबापांच्या पोटी जन्मलेल्या आणि पुढे कॅथलिक संन्यासी झालेल्या एका व्यक्तीला या कायद्याखाली ज्यू मानण्यास नकार दिला होताच. तुमच्या मुलीला आज इस्रायलला जायचे नसेल. उद्या तिचे किंवा तिच्या मुलांचे मत बदलू शकते, आणि भाऊ तिकडे असताना ती शक्यता काही दूरची नाही. हॉलचे बुकिंग आणि गुरुजींची सोय यांपायी सही केलेला एक कागद त्या वेळी आड येईल. धर्म न बदलता तिने विवाह केला, तर तिचा स्वतःचा हक्क अबाधित राहतो आणि ज्यू व्यक्तीचा जोडीदार या नात्याने तिच्या पतीलाही तिच्यासोबत जाता येते.

धर्म न बदलता केवळ वैदिक विधी केला तर काय, असेही काही जण विचारतात. विधी करायला कोणाची हरकत नाही, परंतु तेवढ्याने कायदेशीर विवाह होत नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा वधू आणि वर दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो आणि सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात, हिंदू आणि ख्रिश्चन यांचा त्या कायद्याखाली झालेला विवाह ग्राह्य धरला नाही. सप्तपदी झाली, फोटो निघाले, जेवणावळी झाल्या, आणि पुढे वारसाहक्काची किंवा घटस्फोटाची वेळ आली तेव्हा आपण कायद्याने पती-पत्नीच नाही, हे कळले, अशी परिस्थिती कोणत्याही मुलीवर येऊ नये. यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत आहे, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते आणि तीस दिवसांत वैध आक्षेप आला नाही तर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो. धर्म कोणालाही सोडावा लागत नाही. मुलाच्या आईवडिलांना एक गोष्ट मात्र आधीच सांगावी : या कायद्याखाली अहिंदू व्यक्तीशी विवाह करणारा हिंदू मुलगा अविभक्त कुटुंबातून विभक्त झाला, असे कायदा मानतो आणि या विवाहातील दोघांच्या व त्यांच्या मुलांच्या वारसाहक्काला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यांच्याकडे गावाकडची सामाईक जमीन असेल, तर हे त्यांना लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले दोन्ही घरांच्या संबंधांसाठी चांगले.

आता सिनेगॉगचा प्रश्न. आपली बहुतेक सर्व सिनेगॉग परंपरेप्रमाणे चालतात आणि तेथे ज्यू नसलेल्या व्यक्तीशी लग्न लागत नाही. हुप्प्याखाली (लग्नाच्या छताखाली) वर वधूला अंगठी देतो, केतुबा (विवाहाचा लेखी करार) वाचला जातो, तेव्हा तो करार 'मोशे आणि इस्रायल यांच्या नियमाप्रमाणे' होत असतो आणि तो नियम दोघांनाही बांधील असावा लागतो. त्यामुळे हझानांना (सिनेगॉगमधील प्रार्थना चालवणाऱ्यांना) गळ घालू नका, ओळखीपाळखी वापरू नका. ते नाही म्हणतील आणि त्या नकाराची आठवण तुमच्या मुलीच्या मनात वर्षानुवर्षे राहील. मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ज्यूईश रिलिजस युनियन ही उदारमतवादी परंपरेतील मंडळी आहे. तिची भूमिका काय, हे थेट तिच्याकडूनच विचारून घ्यावे. मुलाने ज्यू व्हावे, असा आग्रहही मी धरणार नाही. हलाखाप्रमाणे, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे, धर्मप्रवेशाला अभ्यास, सुंता, मिकव्यातील (शुद्धीच्या कुंडातील) स्नान आणि बेथ दीनची (रब्बी म्हणजे धर्मगुरू, त्यांच्या न्यायालयाची) मान्यता लागते. भारतात कायमस्वरूपी बेथ दीन नाही, आणि केवळ लग्नासाठी केलेला प्रवेश रब्बींना मुळात मान्य नसतो. त्या मुलाला पुढे कधी आपणहून ओढ वाटली, तर त्याची वाट त्या वेळी शोधता येईल.

होणारी मुले ज्यू असतील का, या प्रश्नाचे उत्तर ऐकून अनेक आईवडील चकित होतात. हलाखाप्रमाणे ज्यू आईच्या पोटी जन्मलेले मूल ज्यूच असते, मग वडील कोणत्याही धर्माचे असोत. तुमच्या मुलीची मुले जन्माने पूर्ण ज्यू असतील. 'अर्धी' नाहीत आणि 'मानली तर' ज्यू असेही नाही. मुलाचा सुंता-विधी होऊ शकतो, तेराव्या वर्षी तो तोरा या धर्मग्रंथापुढे उभा राहू शकतो, मिन्यानच्या (सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या पुरुषांच्या) दहांत मोजला जाऊ शकतो. मुलगी झाली तर तिच्यापासून ही परंपरा पुन्हा पुढे जाते. इतके असूनही मुलीने बाहेर लग्न केले की 'ती गेली' असे म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे, याचे मला फार वाईट वाटते, कारण नियमाने जे गेलेले नाही ते आपण आपल्या तोंडाने घालवतो.

येथे एक काम मात्र तुम्हाला स्वतःला करावे लागेल. जन्माने ज्यू असणे आणि ते दाखवता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इस्रायलमध्ये रब्बी मंडळापुढे विवाहासाठी उभे राहताना आईकडची परंपरा सिद्ध करावी लागते, आणि त्यासाठी सर्वांत भक्कम कागद म्हणजे आईचा केतुबा. तुमच्या मुलीचा स्वतःचा केतुबा होणार नाही. म्हणून तिच्या मुलांसाठी तुमच्या पत्नीचा आणि शक्य असल्यास तुमच्या सासूबाईंचा केतुबा हाच आधार असेल. तो कपाटात कोणत्या पिशवीत आहे, घडीवर फाटला आहे का, नावे वाचता येतात का, हे आजच पाहा. सासूबाईंचा सापडत नसेल तर ज्या सिनेगॉगमध्ये त्यांचे लग्न झाले, तेथील विवाह-नोंदवहीतून दाखला मागून घ्या. कोकणातल्या ज्या सिनेगॉगची देखभाल आता एखाद-दुसरे कुटुंब करते, तेथे हे काम जितके लांबेल तितके अवघड होईल. दाखल्यावर मुलीचे हिब्रू नाव, आईचे नाव, जन्मतारीख ही इतर कागदांशी जुळतात का तेही तपासा. 'रिबेका'चे कुठे 'रिव्का' आणि कुठे 'रेबेका' झालेले असते आणि परक्या देशातल्या कार्यालयात या तीन वेगळ्या बायका ठरतात.

तुमचा प्रश्न मुलाच्या लग्नाचा असता, तर उत्तर अधिक कठीण झाले असते, आणि हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी ते सांगणे भाग आहे. ज्यू वडील आणि ज्यू नसलेली आई यांचे मूल हलाखाप्रमाणे ज्यू नसते. अमेरिकेतील रिफॉर्म पंथाच्या रब्बींनी १९८३ मध्ये ठराव करून, वडिलांकडून आलेले आणि ज्यू म्हणून वाढवलेले मूलही ज्यू मानले जाईल, असे जाहीर केले; परंतु आपल्या सिनेगॉगनी किंवा इस्रायलच्या रब्बी मंडळाने ते स्वीकारलेले नाही. परिणामी असे मूल 'परतीच्या कायद्या'खाली इस्रायलला जाऊ शकते, तेथे नागरिक होते, सैन्यात जाते, आणि तेथे नागरी विवाहाची सोय नसल्यामुळे लग्नाच्या वेळी त्याला सहसा सायप्रससारख्या ठिकाणी जाऊन विवाह करून यावे लागते. बाहेर झालेल्या विवाहाची नोंद तेथे होते, हे खरे. पण ज्या समाजात आपण वाढलो त्याच्या धार्मिक संस्थेने दार लावल्याची सल राहतेच. मुलाच्या लग्नाआधी त्याला आणि होणाऱ्या सुनेला हे समोर बसवून, रागाने नव्हे तर माहिती म्हणून सांगितले पाहिजे. पुढे जन्मलेल्या मुलांचा धर्मप्रवेश लहानपणीच करून घ्यायचा, तर त्यासाठी बाहेरच्या बेथ दीनकडे कसे जायचे, याचा विचार त्याच वेळी करावा. मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर प्रथमच त्याला 'तू आमच्यातला नाहीस' हे कळणे अत्यंत क्रूर असते.

आता सिनेगॉगचे दार कोण उघडणार, याकडे वळू. आपला समाज लहान झाला हे खरे आहे. १९४० च्या दशकात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आज साऱ्या भारतातले सर्व ज्यू मिळून पाच हजारही नाहीत आणि त्यांतले बहुसंख्य मुंबई-ठाणे परिसरात आहेत. पण ही घट आंतरधर्मीय लग्नांनी झालेली नाही. आधी गिरण्या, गोदी, रेल्वे आणि पलटणीतल्या नोकऱ्यांसाठी आपली माणसे अलिबाग, पेण, रोहा, रेवदंड्याकडून मुंबईला आली आणि १९४८ नंतर जहाजांनी व विमानांनी इस्रायलला गेली. तेथे आज भारतीय वंशाचे ऐंशी हजारांहून अधिक ज्यू आहेत, बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद येथे मराठी ऐकू येते, आणि 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही तिकडून निघाले. अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगमध्ये दहा पुरुष जमत नाहीत, याचे कारण आपल्या मुलींनी हिंदू मुलांशी लग्ने केली हे नाही. कोचीनचा समाज तर आपल्याहून अधिक काटेकोर होता आणि तोही स्थलांतरानेच ओसरला. या वस्तुस्थितीकडे पाहिल्यावर सगळा दोष तुमच्या मुलीच्या माथी मारता येत नाही.

उलट, स्थलांतरामुळेच आंतरधर्मीय लग्ने वाढली आहेत. काही हजारांच्या समाजात पंचवीस ते बत्तीस वयाची, अविवाहित, शिक्षणाने व स्वभावाने जुळणारी आणि नात्यात नसलेली मुले किती असणार? माझ्याकडे येणाऱ्या मुलींपुढे बहुधा तीनच वाटा असतात : इस्रायलला जाणे, अविवाहित राहणे, किंवा ज्या शहरात त्या शिकल्या-सवरल्या तेथला मनाजोगता मुलगा निवडणे. शक्य तेथे समाजात स्थळ पाहावे, दोन्ही देशांतल्या कुटुंबांनी मुलामुलींच्या भेटी घडवाव्यात, असे मला मनापासून वाटते. एका धर्माच्या दोन माणसांनी घर उभारले की सण, जेवण आणि मुलांचे शिक्षण या गोष्टी सहज होतात. पण ज्यांनी निवड केलेली आहे, त्यांच्यावर हा उपदेश चालवून काही साधत नाही.

आपल्या स्वतःच्या इतिहासाकडे पाहिले, तर या विषयावर बोलताना थोडी नम्रता यायला हवी. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, ही आपली परंपरा. कित्येक शतके आपल्याजवळ रब्बी नव्हता, सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) नव्हता, सिनेगॉगही नव्हते. मुंबईतले पहिले सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधले ते १७९६ मध्ये. तरीही शेजारी आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत, कारण शनिवारी आपला घाणा बंद असे. आठव्या दिवशीची सुंता, शनिवारचा विसावा, खवल्यांशिवायचे मासे न खाणे आणि 'शेमा इस्राएल' ही प्रार्थना एवढ्या थोड्या गोष्टींवर हा समाज टिकला, आणि या साऱ्या गोष्टी घरात घडणाऱ्या होत्या.

त्या काळातही बाहेर लग्ने होत होती. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या आपल्या समाजाच्या इतिहासात 'गोरा इस्रायल' आणि 'काळा इस्रायल' या दोन विभागांची नोंद आहे. ज्यू पुरुष आणि ज्यू नसलेल्या स्त्रिया यांची संतती ती काळा इस्रायल, असे समजले जाई. तेही शनिवार पाळत, सुंता करत, त्याच प्रार्थना म्हणत. पण दोहोंत बेटी-व्यवहार होत नसे आणि भांड्यांचीही शिवाशिव पाळली जाई. कोणा एका पणजोबाच्या निवडीसाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना खालची पायरी दाखवणे हा अन्याय होता, आणि विसाव्या शतकात तो भेद मावळला हे आपल्या समाजाचे भाग्य आहे. आज 'हाफ ज्यू' हा शब्द मुलांच्या पाठीमागे कुजबुजला जातो, तेव्हा मला तोच जुना भेद नव्या नावाने परत येताना दिसतो.

आणि संशयाची ही चौकशी आपण स्वतः भोगलेली आहे. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने आदेश काढला की, बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यूशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईच्या, आजीच्या आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची तपासणी व्हावी. इतक्या शतकांत यांच्यात कोण कोण मिसळले असेल, यांनी घटस्फोटाचे नियम पाळले असतील का, अशी शंका त्यामागे होती. आपल्या माणसांनी १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले, संसदेत त्यावर चर्चा झाली आणि त्या आदेशातून आपल्या समाजाचे नाव काढावे लागले. ज्यांच्या आईवडिलांनी मुलाबाळांसह तेथे बैठक मारली होती, अशा काही वृद्धांना मी ओळखते. त्यांच्या बोलण्यात आजही तो अपमान ताजा आहे. हलाखा आपण मानतो आणि मानावी; पण माणसाच्या रक्ताची झडती घेण्याची वृत्ती आपल्या अंगणात तरी रुजू देऊ नये.

अमेरिकेचे उदाहरण अनेकदा दोन्ही बाजूंनी दिले जाते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२० च्या पाहणीत, २०१० नंतर लग्न केलेल्या ज्यूंपैकी ६१ टक्क्यांचा जोडीदार ज्यू नसल्याचे आढळले. त्याच पाहणीत असेही दिसले की, ज्यांचे आई किंवा वडील यांपैकी एकच ज्यू आहे अशा पन्नाशीच्या आतील लोकांपैकी जवळजवळ निम्मे स्वतःला ज्यू म्हणवतात आणि हे प्रमाण आधीच्या पिढीपेक्षा बरेच जास्त आहे. पण तेथे ज्यूंची संख्या पंचाहत्तर लाखांच्या घरात आहे, गावोगावी शाळा आणि शिबिरे आहेत. ते चित्र जसेच्या तसे ठाण्यावर बसवता येणार नाही. आपल्याला जवळचा धडा मुंबईतल्या पारशी बांधवांचा आहे. त्यांच्याकडे परंपरा वडिलांकडून चालते, बाहेर लग्न केलेल्या स्त्रियांना अग्यारीत व अंत्यविधीत प्रवेश मिळावा यासाठी खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९४१ मध्ये १,१४,८९० असलेली त्यांची संख्या २०११ मध्ये ५७,२६४ वर आली. त्यामागे उशिरा होणारी लग्ने, कमी मुले, परदेशगमन अशी अनेक कारणे आहेत. तरी दार घट्ट लावून संख्या राखता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

मला समाजाकडे सर्वांत आग्रहाने जे मागायचे आहे, ते मुलींच्या शिक्षणासंबंधी आहे. परंपरा आईकडून चालते असे आपण सांगतो, परंतु हिब्रू वाचन, आशीर्वचने, तोरापठण यांसाठी शिक्षक लावतो ते मुलाला, कारण त्याचा बार मित्झवा (तेराव्या वर्षीचा धर्मसंस्कार) व्हायचा असतो. मुलगी आईच्या हाताखाली चिकाचा हलवा शिकते, शुक्रवारी दिवे लावायला शिकते, आणि किद्दूशसाठी (शुक्रवारी संध्याकाळच्या आशीर्वचनासाठी) मनुका भिजवून सरबत कसे करायचे, हेही शिकते. पण त्या सरबतावर म्हणायचे आशीर्वचन ती स्वतः वाचू शकेलच असे नाही. पुढे ती ज्यू नसलेल्या घरात जाते, तेथे किद्दूश म्हणणारे दुसरे कोणी नसते आणि मग शुक्रवारची संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखी होते. तिच्या मुलांना ज्यू बनवण्याची सगळी जबाबदारी नियमाने तिच्यावर असते आणि ती पार पाडण्याचे साधन मात्र आपण तिला दिलेले नसते. तुमच्या मुलीला हे येत असेल तर उत्तमच; येत नसेल तर लग्नाला अजून अवकाश आहे, हझानांकडे तिची शिकवणी सुरू करा. लग्नाच्या खरेदीइतकेच याला महत्त्व द्या.

सिनेगॉगच्या समित्यांनीही आपली भूमिका लिहून ठेवली पाहिजे. विधीतला हक्क आणि पाहुणचार या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे माणसे दुखावतात. तोरापुढे बोलावणे, मिन्यानमध्ये मोजणे हे हलाखाप्रमाणेच राहील आणि ते स्पष्ट सांगावे. जोडीदारांना त्याचा राग येत नाही, कारण प्रत्येक धर्मात असे काही असते, हे त्यांना ठाऊक असते. पण सिमहाथ तोराच्या सणाच्या संध्याकाळी, हनुक्क्याच्या सणाला, मलिद्याच्या विधीला त्यांना नावाने बोलावणे, जेवणाच्या पंगतीत शेजारी बसवणे, यात हलाखा आड येत नाही. ज्यू आईच्या मुलांना हिब्रूच्या वर्गात घेताना वडिलांचे नाव वाचून भुवया उंचावणे बंद व्हावे. दफनभूमीचा नियमही आधीच सांगून टाकावा. ज्यू नसलेल्या जोडीदाराला सहसा आपल्या दफनभूमीत जागा मिळत नाही, आणि ही गोष्ट कुटुंबाला मृत्यूच्या दिवशी, रडणाऱ्या मुलांसमोर कळावी, याहून वाईट काही नाही.

कल्याणच्या एका घरातला मलिदा मला आठवतो. मुलीचे लग्न मराठा कुटुंबातील मुलाशी झालेले, आणि घरात नवस फेडायचा म्हणून एलियाहू हानाबी या संदेष्ट्याचा मलिदा मांडला होता : ताटात गूळ-खोबरे घातलेले ओले पोहे, वर वेलची आणि सुकामेवा, भोवती फळे. जावई चपला काढून दाराशीच उभा राहिला, कारण आत यावे की नाही, डोके झाकावे की नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. सासरे पाहत होते, पण काही बोलले नाहीत. हझान वयस्कर होते. त्यांनी प्रार्थना सुरू करण्यापूर्वी खिशातून दुसरी टोपी काढून त्याला दिली, आपल्या डाव्या हाताला बसवले आणि कोणत्या फळावर कोणते आशीर्वचन म्हणतात, ते मराठीत सांगत गेले. त्यांच्या मुलाचा बार मित्झवा पुढे ठाण्याला झाला तेव्हा सगळी तयारी त्या वडिलांनीच केली होती. शनिवारी सकाळी मुलाला वर्गाला घेऊन येणारेही तेच असत. हे प्रत्येक घरात होते असे मी म्हणणार नाही. कोणीच टोपी पुढे केली नाही, अशीही घरे मी पाहिली आहेत आणि त्या घरांतली मुले आज कोणत्याच प्रार्थनास्थळी जात नाहीत.

तुमच्या मुलीशी आणि होणाऱ्या जावयाशी काही गोष्टी लग्नाआधी बोलून घ्या. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता होईल का, शाळेच्या दाखल्यावर धर्माच्या रकान्यात काय लिहिले जाईल, दाराच्या चौकटीवर मेझुझा (धर्मवचनांची छोटी डबी) लागेल का, गणपतीत सासरी आणि योम किप्पूरच्या उपवासाला माहेरी कोण कोण येईल, डुकराचे मांस आणि शिंपले त्यांच्या घरात शिजतील का. राज्यात २०१६ पासून ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा आहे, त्यामुळे दाखल्यावरच्या त्या रकान्याला व्यवहारातही अर्थ आहे. सगळ्या प्रश्नांची उत्तरे तुमच्या मनासारखी येणार नाहीत. मुलाच्या आईवडिलांनाही नातवंडांविषयी त्यांच्या इच्छा असतील आणि त्या ऐकून घेतल्या पाहिजेत. पण 'मुले मोठी झाली की त्यांचे ती ठरवतील' हे उत्तर मात्र स्वीकारू नका. ज्या मुलाला लहानपणी काही दिलेलेच नसते, त्याला मोठेपणी ठरवण्यासाठी काही शिल्लक राहत नाही.

तुमच्या पत्नीला सध्या कोणाच्याही समजुतीच्या शब्दांपेक्षा कामाची गरज आहे, असे मला वाटते. केतुबे शोधण्याचे, मुलीचे हिब्रू नाव आणि घराण्यातल्या स्त्रियांची नावे लिहून काढण्याचे काम त्यांच्याकडे द्या. आईकडची परंपरा त्यांच्या स्वतःच्या हातून नातवंडांकडे जाणार आहे, हे त्यांना त्यातून दिसेल. अश्दोदच्या मुलाला फोन करून एवढेच विचारा की, बहिणीची मुले हलाखाप्रमाणे ज्यू असतील, हे त्याला माहीत आहे का. बहुधा त्याला तिच्या लग्नापेक्षा तेथल्या मित्रांत आणि सासरी काय म्हटले जाईल, याची चिंता अधिक असते, आणि ही माहिती त्याच्या उपयोगी पडते. लग्नाला तो आला नाही तरी पुढच्या रोश हशानाला (ज्यू नववर्षाला) चौघांनी एकत्र यावे, अशी तारीख आताच धरून ठेवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस देण्यापूर्वी हझानांची भेट घ्या, आणि त्या भेटीला मुलीला व त्या मुलाला सोबत न्या. लग्न लावून द्या असे म्हणायला नव्हे, तर हे दोघे कोण आहेत आणि यांची मुले उद्या तुमच्या वर्गात येणार आहेत, हे सांगायला.